शिंगरोबाच्या दारात अडलेली गाडी

बोरघाट चढताना आमची गाडी बंद पडली नाही, हे आधीच सांगून टाकते. घाट तिने दुसऱ्या गिअरवर का होईना, न कुरकुरता चढला. ती अडली ती घाटात थांबल्यावर, आणि थांबायचा हट्ट बाबांचा होता.

गाडी 1986 सालची, बाबांच्या नोकरीतल्या कमाईची. भावाचे म्हणणे, आता ती भंगारात द्यावी. पंधरा वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि ती मुदत जवळ आली होती. त्यात दोन उन्हाळे तिने एक नवेच दुखणे काढले होते. सकाळी थंड असताना पहिल्या चावीला सुरू. पण तापून आली आणि दहा-पंधरा मिनिटे उभी राहिली, की पुन्हा सुरू होताना जीव काढायची. शेवटी बाबाच म्हणाले, "एकदा जुन्या रस्त्याने लोणावळ्याला जाऊन येऊ. त्रास दिला तर पाठवा भंगारात." हे बोलताना ते माझ्याकडे पाहत नव्हते. सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाला यावर काय उत्तर द्यायचे?

मे महिन्यातली दुपार. द्रुतगती मार्ग 2002 साली पूर्ण झाला, तेव्हापासून खोपोलीवरून जाणारा जुना रस्ता बराच निवांत झाला आहे. डोंगरावरून पॉवरहाउसकडे उतरणारे पाण्याचे जाडजूड पाइप दिसले आणि बाबा खुलले. 1915 पासून हे पाणी मुंबईला वीज देते, हे त्यांनी मला लहानपणी सांगितले होते, तेच पुन्हा सांगितले. मग वळणे सुरू झाली. पायथ्यापासून खंडाळ्यापर्यंत जवळजवळ पाचशे मीटरची चढण. 1830 साली हा गाडीरस्ता खुला झाला आणि 1863 मध्ये रेल्वेही घाट चढली. वाट दाखवली ती शिंगरोबा नावाच्या धनगराने, आणि बक्षीस म्हणून त्याने स्वातंत्र्य मागितल्यावर साहेबाने त्याला गोळी घातली, अशी कथा इथे सांगतात. त्याच्या देवळापुढून जाताना चालक नाणे टाकतात. बाबांना नाणे टाकून पुढे जायचे नव्हते, उतरून हात जोडायचे होते.

दर्शन झाले, दरीकडे बघत थर्मासमधला चहा झाला, आणि गाडी सुरू होईना.

आमच्या पिढीला हा प्रसंग पाठ आहे. बॉनेट उघडायचे, पाण्यात भिजवलेला फडका पेट्रोलपंपावर गुंडाळायचा आणि वाट बघायची. आईने आपला नॅपकिनही दिला. मी चोक ओढला, अॅक्सिलरेटर दाबून दाबून पाय दुखवला. चाळीस मिनिटांनी इंजिन खोकले, मागून भसकन काळा धूर निघाला आणि आम्ही निघालो. बाबा गप्प होते. अमृतांजन पूल लागायचा तिथे पोहोचल्यावर एवढेच म्हणाले, "पूल कुठे गेला?" तो एप्रिल 2020 मध्ये पाडला, हे त्यांनी बातम्यांत पाहिलेले होते. तरी विचारले.

लोणावळ्यात एका बोळात जुन्या गाड्यांचा मिस्त्री सापडला. साठीचा माणूस. त्याने हत्यार उचलायच्या आधी विचारले, "ताई, बंद पडली तेव्हा पेट्रोलचा वास येत होता का?"

"येत होता."

"आन् सुरू झाली तेव्हा काळा धूर?"

"हो, काका."

"मग ओला फडका कशापायी? तहानलेल्याला पाणी पाजायचं असतं, बुडणाऱ्याला न्हाई."

इथे मला पहिल्यांदा कळले, की तापलेली गाडी सुरू न होण्याची कारणे एकमेकांच्या अगदी उलटही असू शकतात. पेट्रोल पस्तीस-चाळीस अंशांपासूनच उकळू लागते. इंजिन चालू असते तेव्हा पंख्याचा वारा आणि टाकीतून सतत येणारे गार पेट्रोल कार्ब्युरेटरला सांभाळून घेतात. बंद केले की दोन्ही थांबतात आणि खालची धग वर चढते. म्हणजे पहिली पंधरा-वीस मिनिटे कार्ब्युरेटर चालत्या गाडीपेक्षा जास्त तापतो! ही वाफ नळीत किंवा पंपात अडकली, तर पेट्रोल पुढे सरकत नाही. तो तहानेचा आजार, त्याला ओला फडका बरोबर. पण पेट्रोल कार्ब्युरेटरच्या वाटीत उकळले, तर ते उतू जाऊन इंजिनात उतरते. त्यावर चोक ओढणे म्हणजे बुडणाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून दाबणे. मी नेमके तेच केले होते.

मिस्त्रीने आधी ठिणगी तपासली, कारण तापलेली कॉइलही हेच सोंग करते. ठिणगी चांगली होती. मग इंजिन तापवून बंद केले, एअर फिल्टर काढला आणि दहा मिनिटांनी बॅटरीच्या उजेडात मला आत बघायला लावले. गाडी बंद, तरी पेट्रोलचे थेंब टपटप पडत होते. आत कोरडे असते आणि अॅक्सिलरेटरची दांडी हलवूनही पेट्रोलची चिळकांडी उडाली नसती, तर ती तहान. (विडी ओढणाऱ्या पोराला त्याने आधीच बोळाबाहेर पाठवले होते, हेही सांगायला हवे.)

"हिचा बॅकेलाइटचा ठोकळा कुठंय?" त्याने कार्ब्युरेटरच्या बुडाशी बोट नेले. तिथे उष्णता अडवणारा जाड ठोकळा असायला हवा होता. आमच्या गाडीत कार्ब्युरेटरच्या खालीच एक्झॉस्टची धगधगती नळी, आणि मध्ये नुसते कागदी पॅकिंग. दोन वर्षांपूर्वी घराजवळच्या गॅरेजमध्ये कार्ब्युरेटर उतरवला होता, तेव्हा ठोकळा परत बसलाच नव्हता. दोन वर्षे आम्ही गाडीच्या वयाला दोष देत होतो!

डब्यातून शोधून त्याने एक जुना ठोकळा बसवला, वाटीतली पेट्रोलची पातळी थोडी खाली घेतली आणि पंपाकडची रबरी नळी बदलली. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते जुन्या रबराला मानवत नाही. मला म्हणाला, "पुन्हा कधी बुडली तर चोक नको. अॅक्सिलरेटर पुरता दाबून धरायचा, सोडायचा न्हाई, आन् चावी मारायची. हवा जाऊ द्या आत." नव्या गाड्यांना हे काही नको. त्यांचा पंप टाकीतच असतो आणि पेट्रोल दाबाखाली राहते.

मी समाधानी होते, बाबा नव्हते. दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यांनी मला खोपोलीपर्यंत खाली उतरवले आणि पुन्हा घाट चढायला लावला. शिंगरोबाशी गाडी बंद केली. बाबांनी घड्याळ काढून हातात धरले. आईने नॅपकिन भिजवून तयार ठेवला होता. बाबांनी तो पाहिला आणि काही बोलले नाहीत.

पंधरा मिनिटे झाल्यावर ते माझ्या बाजूला आले. "सरक."

डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला मनाई केली आहे. मी सरकले. त्यांनी अॅक्सिलरेटरला पायही लावला नाही, नुसती चावी फिरवली. दुसऱ्या फेऱ्याला इंजिन सुरू झाले. थोडा वेळ ते तसेच ऐकत बसले, मग उतरले, खिसे चाचपले आणि म्हणाले, "सुट्टे आहेत का गं तुझ्याकडे?"