सडबरीच्या तळ्याकाठी अडकलेला गिअर

कॅनडातील ओंटारिओ प्रांतात लहानमोठी मिळून सुमारे अडीच लाख सरोवरे आहेत. टोरांटोच्या उत्तरेला सुमारे ४०० किलोमीटरवर सडबरी हे निकेलच्या खाणींचे, कामगारांचे शहर आहे. त्याच्या एकट्या हद्दीत ३३० तळी! २०१९ च्या सप्टेंबरात भाच्याकडे गेलो असता आम्ही हा मुलूख पाहिला. काळे कातळ, पांढऱ्या खोडांची बर्चची झाडे आणि मधूनमधून दलदल. वाट कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होते, ते समजतच नाही.

अशा ठिकाणी शिकारी आणि रानात काम करणारे लोक सहा किंवा आठ चाकांची गाडी वापरतात. ती जमिनीवर चालते आणि पाण्यावर तरंगते. तिचा तळ होडीसारखा बंद असतो. पाण्यात टायरच्या खाचाच वल्ह्याचे काम करतात. एका बाजूची चाके रोखली की गाडी त्या बाजूला वळते.

भाच्याच्या ओळखीच्या शेडमध्ये अशीच एक गाडी दुरुस्तीला आली होती. गिअर पडलेला, पण निघत नव्हता. हा बिघाड साधा नव्हे. काठ चढताना असे झाले तर मागे येता येत नाही, आणि गिअरमध्येच इंजिन सुरू केले तर गाडी एकदम झेप घेऊ शकते. पुढे माणूस उभा असला तर संपलेच!

तिथल्या वयस्क मिस्त्रींनी दांडीला हिसका दिला नाही. इंजिन बंद ठेवून त्यांनी गाडी हळूच पुढेमागे हलवली. उतारावर गाडीचे वजन दात्यांवर येते. ते सुटले की पुष्कळदा गिअर आपोआप निघतो. इथे निघाला नाही.

मग गाडी ठोकळ्यांवर उचलून, चाके अधांतरी ठेवून त्यांनी इंजिन सुरू केले. इंजिन मंद चालताना पट्टा ढिला पडून गिअरबॉक्सकडची पुली थांबायला हवी. ती फिरत राहिली, तर मंद गती जास्त ठेवलेली असते, पट्टा चुकीचा असतो किंवा पुलीत चिखल बसलेला असतो. ही पुली थांबली.

तेव्हा इंजिन बंद करून त्यांनी दांडीचा जोड गिअरबॉक्सपासून सोडवला आणि तिथला आर्म हाताने हलवला. तो सहज हलला! म्हणजे दोष आत नव्हता. पाण्याने गंजलेली पिन बाहेरच अडकली होती. आर्म हलला नसता, तरच गिअरबॉक्स उघडावा लागला असता. शेवटी त्यांनी तेल पाहिले. ते दुधाळ दिसले असते, तर आत पाणी शिरले असे समजायचे. तेल स्वच्छ होते. पिन साफ करून ग्रीस लावले, काम झाले.

आय.टी.आय.त शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना आम्ही एवढेच सांगू : आधी बाहेरचे, सोपे आणि स्वस्त तपासा, मगच पेटी उघडा. असा कारागीर गिऱ्हाइकाचा पैसाही वाचवतो आणि जीवही.