अब्बांचं पिस्तूल, आपाचा हिस्सा

अब्बांच्या इंतकालानंतर आम्ही तरक्याचा हिशेब मांडायला बसलो. अमळनेरचं घर, शेत, बँकेतली ठेव, सगळं वहीत चढलं. राहिलं ते पिस्तूल. कापसाच्या हंगामात रोकड घेऊन फिरावं लागायचं, म्हणून अब्बांनी लायसन्सवर घेतलेलं जुनं वेबली अँड स्कॉट, .३२ बोअरचं.

“जुनं लोखंड ते. धर चाळीस हजार,” भाईजान म्हणाले. वारस म्हणून लायसन्सचा अर्ज त्यांनीच केला होता. आपा गप्प राहिली. अशा वेळी बहिणी गप्पच राहतात, आणि आपण त्याला रजामंदी समजून मोकळे होतो.

पिस्तूल धुळ्याच्या एका परवानाधारक दुकानात जमा होतं. लायसन्सदार गेल्यावर हत्यार घरात ठेवता येत नाही; पोलीस ठाण्यात नाहीतर अशा दुकानात द्यावं लागतं. (सातपुड्याकडच्या गावठी कट्ट्यांच्या बातम्या आपल्याकडे नेहमीच्या. त्यात आमची आडनावं. त्यामुळे जमा केल्याची पावती मी तीन ठिकाणी जपून ठेवली होती.)

मी दुकानदारांना किंमत विचारली. त्यांनी मॅगझीन काढलं, स्लाइड ओढून आत गोळी नसल्याची खात्री केली, मग नळी उजेडाकडे धरली. आतल्या पेचदार खोबणी शाबूत होत्या. मॅगझीन मूळचंच होतं, लायसन्सवरचा नंबरही जुळत होता. फक्त अब्बांनी कधीतरी हौसेनं वरून पॉलिश करून घेतलं होतं. “इथं मार खाल्ला, सर,” ते म्हणाले. “मूळचा काळा रंग घासट असता तरी चाललं असतं. तरी दोन लाखांच्या खाली देऊ नका.”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण हिशेब सरळ होता. १९८० च्या दशकात सरकारनं खासगी लोकांसाठी हत्यारांची आयात बंद केली. तेव्हापासून देशात जी विलायती पिस्तुलं आहेत, तीच हात बदलतात. ९ मिमी साध्या लायसन्सवर मिळत नाही, म्हणून सगळी मागणी .३२ वर येते. इंग्लंडच्या कारखान्याच्या नावाला इथं जो भाव आहे, तो या टंचाईचा. उलट बाजूही त्यांनी सांगितली: आपल्या आयुध निर्माणीचं नवं .३२ मिळतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाची मर्यादा तीन हत्यारांवरून दोनवर आली, म्हणजे गिऱ्हाईक कमी झालं. हे सगळं धरूनच त्यांचा आकडा होता.

बसमध्ये मी वहीच्या मागच्या पानावर मांडणी केली. अम्मीचा आठवा भाग, उरलेल्याचे पाच वाटे, त्यातला एक आपाचा. चाळीस हजार धरले तर तिला सात हजार येत होते. दोन लाख धरले तर पस्तीस. लायसन्स एकाच्या नावावर होतं, किंमत मात्र सगळ्यांची. शाळेत मी वर्षानुवर्षं अपूर्णांक शिकवतोय. सात आणि पस्तीस यांच्यात इतकं अंतर असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

रात्री मी पान भाईजानांसमोर ठेवलं. ते चिडले. “कागद आला की तुझ्यातला मास्तर जागा होतो,” म्हणाले. मग बराच वेळ आकड्यांकडे बघत राहिले. दोन लाखांचं गिऱ्हाईक मिळेल कशावरून, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, मग विकून टाकू, येईल ते वाटू. पण अब्बांचं पिस्तूल विकायला त्यांचं मन होईना.

कापूस विकल्यावर, जुम्म्याच्या दिवशी, ते आपाकडे गेले. मी सोबत होतो. पाकीट हातात घेऊन तिनं विचारलं, “हे कशाचे?”

“पिस्तुलाचे,” भाईजान म्हणाले. “अर्धे. अर्धे पुढच्या हंगामाला.”

आपानं आमच्यासमोरच पैसे मोजले. दोनदा.