प्रमाणश्रुती: दोन गांधारांमधले अंतर

पनवेल



पेटीवर घोटलेला गांधार तंबोऱ्याशी का जुळत नाही, या तू पत्रातून विचारलेल्या शंकेचे मूळ प्रमाणश्रुती या सूक्ष्म स्वरांतरात आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात तिची ओळख आकड्याने नव्हे, तर प्रयोगाने करून दिली आहे: सारख्या लावलेल्या दोन वीणांपैकी एकीचा पंचम षड्जग्रामाचा मध्यमग्राम होईल एवढाच उतरवला, की मूळ आणि उतरलेल्या पंचमांत जे अंतर पडते, ती प्रमाणश्रुती. आधुनिक अभ्यासक हे अंतर सामान्यतः 81/80 या गुणोत्तराने मांडतात. सप्तकाचे 1200 सेंट मानले, तर ते सुमारे 21.5 सेंट भरते.

षड्जाची कंपने सेकंदाला 240 धरली आणि सा, प, रे, ध, ग अशी शुद्ध पंचमांची साखळी मोजत जाऊन येणारा स्वर मध्यसप्तकात उतरवला, तर गांधार 303.75 कंपनांचा येतो. पण तंबोऱ्याच्या षड्जातून आपोआप उमटणारा स्वयंभू गांधार मध्यसप्तकात उतरवल्यास 300 कंपनांचा भरतो. या दोहोंतील तफावत म्हणजेच प्रमाणश्रुती. दोन्ही गांधार एकदम वाजवले असता सेकंदाला जवळजवळ चार हेलकावे स्पष्ट ऐकू येतात.

सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गायनाच्या आधारे अशा अंतरांची मोजदाद केली, 1910 मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला आणि सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांच्यासह या श्रुतींनुसार स्वर लावलेल्या श्रुतिपेटीचा पुरस्कार केला. 1916 च्या बडोदे संगीत परिषदेत ती पेटी वादाचा विषय ठरली. मात्र त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न खराच होता. पनवेलच्या भजनी मंडळांपासून मोठ्या मैफलींपर्यंत सर्वत्र वाजणाऱ्या नेहमीच्या पेटीत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असल्यामुळे तिचा गांधार सुमारे 302.4 कंपनांवर, म्हणजे वरील दोन्ही गांधारांच्या मध्येच कुठेतरी, पडतो.

म्हणून शिकणाऱ्याने पेटीला साथीचा मान जरूर द्यावा. परंतु रोजच्या रियाजात प्रथम तंबोरा नीट लावावा, त्यातला स्वयंभू गांधार कानात भरेपर्यंत थांबावे आणि मगच गळा त्याला मिळवावा.

शुभेच्छुक,
मामा