लाल चौकटीमागचा नियम

आपल्या शाळेच्या कपाटात निकालाच्या जुन्या, जाड पुठ्ठ्याच्या नोंदवह्या आजही आहेत. त्यांत उत्तीर्ण विद्यार्थ्यांचे गुण निळ्या शाईने आणि अनुत्तीर्णांचे लाल शाईने लिहिलेले आढळतात. इतिहासाचे शिक्षक या नात्याने आम्हांस त्या वह्यांविषयी आदर वाटतो, कारण लाल शाईची दौत उघडण्यापूर्वी वर्गशिक्षकाला प्रत्येक आकडा स्वतः वाचावा लागे. आता ते काम संगणकावरील तक्ता करतो. आकडा भरला की चौकट आपोआप रंगते. या सोयीला कंडिशनल फॉरमॅटिंग म्हणतात. एक्सेलमध्ये ती ९७ च्या आवृत्तीत आली. त्या वेळी एका चौकटीला तीनच अटी लावता येत. २००७ च्या आवृत्तीत ते बंधन गेले.

स्मरणिकेत हा रुक्ष विषय कशाला, असे कोणी विचारील. आपले कितीतरी माजी विद्यार्थी आज शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, लिपिक आहेत. असे तक्ते त्यांच्या हातांखालून रोज जातात. शिवाय पालकसभेत हाच तक्ता पडद्यावर लागतो. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही मागच्या बाकावरून लाल रंग दिसतो. आकडा तिला वाचता येत नाही, म्हणून रंग चुकीचा असेल तर ती तो पडताळूही शकत नाही.

चूक होते ती बहुधा नियम लावताना नव्हे, तो एका चौकटीतून दुसरीत नेताना. नेण्याची रीत सोपी आहे. नियम लावलेली चौकट निवडायची, वरच्या पट्टीतील रंगाच्या ब्रशवर टिचकी द्यायची आणि तो ब्रश हव्या त्या चौकटींवरून फिरवायचा. ब्रशवर दोनदा टिचकी दिली तर तो हाती राहतो आणि अनेक ठिकाणी फिरवता येतो. पेस्ट स्पेशलमधील फॉरमॅट्स हा पर्यायही तेच काम करतो. मात्र या दोन्ही मार्गांनी अक्षरांचा आकार, कडांच्या रेषा असे सारेच सोबत येते. गूगल शीट्समध्ये केवळ कंडिशनल फॉरमॅटिंग तेवढे चिकटवण्याचा स्वतंत्र पर्याय आहे. ब्रशच्या चित्रामुळे आपण रंग उचलून नेतो आहोत असे वाटते. प्रत्यक्षात आपण नियम उचलून नेत असतो आणि नव्या जागी तो नव्याने निवाडा करू लागतो.

आमच्या तक्त्यात तिसऱ्या ओळीत प्रत्येक परीक्षेचे कमाल गुण असतात आणि चौथ्या ओळीपासून मुलांची नावे सुरू होतात. सी रकान्यात घटक चाचणी, कमाल गुण २०. डी रकान्यात लेखी परीक्षा, कमाल गुण ८०. ३५ टक्क्यांखालील मुलाकडे लक्ष जावे एवढाच हेतू. वीसपैकी ती रेषा ७ गुणांवर येते, ऐंशीपैकी २८ वर. एका शाळेतून आमच्याकडे आलेल्या तक्त्यात '२८ पेक्षा कमी' हा आकडाच नियमात लिहिलेला होता आणि तोच नियम ब्रशने घटक चाचणीवर फिरवलेला होता. परिणामी वीसपैकी वीस मिळवणारी मुलगीही लाल! सगळा रकाना रंगला की निदान संशय तरी येतो. उलट झाले, म्हणजे ७ चा नियम लेखी परीक्षेवर गेला, तर ऐंशीपैकी ८ मिळालेला मुलगा पांढराच राहतो आणि कोणाला काही वावगे दिसत नाही. ज्याला मदतीची सर्वाधिक गरज, नेमका तोच झाकला जातो.

म्हणून नियमात आकडा न लिहिता कमाल गुणांच्या चौकटीचा पत्ता द्यावा. न्यू रूलमधील शेवटचा, सूत्राचा पर्याय घेऊन असे मांडावे: सी ४ हे सी ३ च्या ३५ टक्क्यांहून कमी असेल तर लाल. येथेच खरी मेख आहे. साधा पत्ता दिला की संगणक 'सी ३' हे घर लक्षात ठेवत नाही, 'एक घर वर' हे नाते लक्षात ठेवतो. नियम एक ओळ खाली नेला की सी ५ ची तुलना सी ४ शी होऊ लागते. म्हणजे पहिल्या मुलाचे मोजमाप परीक्षेच्या मापाने आणि त्याच्या खालच्या प्रत्येकाचे मोजमाप वर बसलेल्याच्या मापाने. वरच्याला वीसपैकी १० असतील, तर खालचा ४ गुणांवरही पांढरा राहतो. हे लिहिताना हात क्षणभर थांबला. का, ते या स्मरणिकेच्या वाचकांना सांगावयास नको.

उपाय एका डॉलर चिन्हाचा आहे. 'सी$३' असे लिहिले की ओळ तिसरीच राहते, रकाना मात्र मोकळा असतो. नियम खाली कितीही गेला तरी माप तिसऱ्या ओळीचे; उजवीकडे गेला की माप आपोआप 'डी$३' चे. काही जण सावधगिरी म्हणून '$सी$३' असे दोन्ही बाजूंनी खिळे ठोकतात. मग लेखी परीक्षेलाही वीस गुणांचेच माप लागते आणि वर सांगितलेला झाकला गेलेला मुलगा पुन्हा झाकला जातो. नियमासाठी चौकटीवर टिचकी देऊन पत्ता घेतला तर एक्सेल स्वतःच असे दोन डॉलर घालते. त्यातला अक्षरामागचा काढून टाकावा.

रिकाम्या चौकटीविषयी अंमळ अधिक लिहावेसे वाटते. सूत्रात रिकामी चौकट शून्य धरली जाते. शून्य अर्थातच सातापेक्षा कमी, म्हणून परीक्षेला न बसलेले मूल लाल होते. आपल्याकडे ऊसतोड कामगारांची मुले आहेत. दिवाळीनंतर आई-वडील कारखान्याच्या वाटेला लागतात आणि धाकट्या भावंडाला सांभाळायला कधी मोठ्या बहिणीला सोबत नेतात. ती चाचणीला नव्हती. ती नापास झालेली नाही. या दोहोंत इतिहासाच्या अभ्यासकाला तरी भेद करता यायलाच हवा. नोंद नसणे हा एक पुरावा आणि शून्याची नोंद असणे हा दुसरा. सबब नियमात 'चौकट रिकामी नसेल आणि' अशी आणखी एक अट जोडावी लागते. उलट प्रकार आकडा अक्षर म्हणून नोंदला गेला की घडतो: एक्सेल अक्षरांना संख्येहून मोठे मानते, त्यामुळे तसा ३ सुद्धा लाल होत नाही.

बाकीचे थोडक्यात. दुसऱ्या तक्त्यातून गुण आणताना नेहमीचे पेस्ट केले तर तिकडचे नियमही येतात आणि इथले पुसले जातात. म्हणून केवळ व्हॅल्यूज पेस्ट कराव्यात. वारंवार इकडचे तिकडे केल्याने एकाच नियमाचे तुकडे साचत जातात. मॅनेज रूल्समध्ये जाऊन वर्षातून दोनदा तरी ते झाडून काढावेत. आणि काळ्या-पांढऱ्या प्रतीत गडद लाल चौकटीतला आकडाच वाचता येत नाही, म्हणून रंग फिकट ठेवावा.

नियम पसरवून झाला की आम्ही प्रत्येक रकान्याच्या शेवटच्या ओळीत दोन खोटे आकडे टाकून पाहतो. वीसच्या रकान्यात ६ लाल व्हायला हवा, ७ नको. ऐंशीच्या रकान्यात २७ आणि २८. मग ते पुसून टाकतो. रिकाम्या चौकटींना अलीकडे वेगळा पिवळा रंग दिला आहे. पालकसभेच्या आदल्या दिवशी वर्गशिक्षक त्या पिवळ्या चौकटींची यादी घेऊन वसतिगृहाच्या अधीक्षकांकडे जातात आणि मूल कोणत्या कारखान्याच्या तळावर आहे, तिथे फोन लागतो का, याची चौकशी सुरू होते.