केळझरच्या वाटेवरील घोडी

वर्ध्याहून नागपूरकडे जाणारा रस्ता आमच्या चांगलाच परिचयाचा आहे. पवनार येथे धाम नदी ओलांडावी, तीरावरील विनोबांच्या आश्रमास हात जोडावे, सेलू मागे टाकावे आणि केळझरच्या गणपतीचे दर्शन घ्यावे, हा आमचा अनेक वर्षांचा क्रम होय. केळझर म्हणजेच महाभारतातील एकचक्रानगरी, अशी या भागातील लोकांची श्रद्धा आहे. इतिहास काहीही म्हणो, त्या टेकडीवर उभे राहिले म्हणजे ब्राह्मणवेषाने भिक्षा मागणारे पाच पांडव डोळ्यांपुढे येतात खरे. त्यांपैकी नकुलाची आठवण मात्र आम्हांस क्वचितच होई. पुढे विराटाच्या पागेत ग्रंथिक या नावाने राहिलेला हा अश्वविद्येचा जाणकार गेल्या श्रावणात आम्हांस एकाएकी आठवला, त्याचे कारण सांगावयाचे आहे.

सेलूच्या अलीकडे आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे शेत आहे. पावसाची सर आली म्हणून आम्ही व सौभाग्यवती तेथे उतरलो. गोठ्याच्या एका कोपऱ्यात एक पांढरी घोडी उभी होती. उभी होती म्हणावयाचे इतकेच. तिच्या फासळ्या दुरून मोजता येत होत्या, पाठीचा कणा करवतीसारखा वर आला होता आणि पाठीवर खोगिराच्या जुन्या जखमा होत्या. लग्नसराईभर वराती वाहून झाल्यावर कोणी तिला रस्त्यावर सोडून दिले होते. विद्यार्थ्याची कन्या पुण्यास शिकत असता अश्वारोहण शिकलेली. तिने घोडीस घरी आणले होते.

आमचे अंतःकरण द्रवले. सौभाग्यवतींनी प्रसादासाठी आणलेला गूळ व भिजविलेले हरभरे आम्ही तोबऱ्यात ओतले. घोडीने तोंड घातले न घातले तोच ती मुलगी धावत आली व तोबरा ओढून घेत म्हणाली, "आजोबा, थांबा! अशाने ती मरेल."

आम्ही चाळीस वर्षे मुलांस शिकविले. त्या दिवशी एका मुलीने आम्हांस शिकविले. दीर्घकाळ उपाशी असलेल्या घोड्यास एकदम धान्य वा गूळ दिला, तर रक्तात साखर चढते, तिच्या पाठोपाठ इन्सुलिन वाढते आणि त्यासरशी फॉस्फरस, पोटॅशियम व मॅग्नेशियम ही द्रव्ये रक्तातून पेशींत ओढली जातात. रक्तात त्यांचा तुटवडा पडला की हृदय व श्वास थकतात, आणि जनावर भरल्या पोटाने तीन-चार दिवसांत दगावते. म्हणून आरंभी दर चार तासांनी सुमारे अर्धा किलो लसूणघास व स्वच्छ पाणी एवढेच द्यावयाचे. मग आठ-दहा दिवसांत हळूहळू प्रमाण वाढवावयाचे. धान्य त्याहूनही पुढे. रात्रीच्या दोन वाजताची वैरण ती मुलगी स्वतः उठून घालीत असे.

पशुवैद्यांनी परीक्षा केली तेव्हा आम्ही मुद्दाम गेलो. अमेरिकेतील हेनेके या अभ्यासकाने 1983 मध्ये घोड्याच्या पुष्टतेचे 1 ते 9 असे मान प्रसिद्ध केले. मान, खांदे, त्यांच्या वरचा उंचवटा, फासळ्या, कंबर व शेपटीचे मूळ ही सहा स्थाने हाताने चाचपून अंक ठरवितात. घोडीस 2 अंक मिळाला. वजनाचे गणित आमच्याकडे आले: छातीच्या घेराचा वर्ग गुणिले शरीराची लांबी, भागिले 11,880; मापे सेंटिमीटरमध्ये, उत्तर किलोमध्ये. घेर 145, लांबी 150. वजन सुमारे 265 किलो. वरच्या कडेच्या दातावर दहाव्या वर्षाच्या सुमारास एक खाच हिरडीतून उतरू लागते व पंधराव्या वर्षी निम्म्या दातापर्यंत येते. ती निम्म्याच्या अलीकडे होती, त्यावरून वय बारा-तेरा ठरले.

एक भय मात्र कोणी मोठ्याने बोलत नव्हते. ग्लँडर्स हा घोड्यांचा रोग माणसासही जडतो; तो सिद्ध झाल्यास कायद्याने जनावराचा अंत करावा लागतो. रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे गेला. उत्तर येईपर्यंत गोठ्यातील इतर जनावरे दूर बांधली गेली, आणि घोडीस नावही कोणी ठेवीना. अखेर रोग नाही असे कळले, त्या सायंकाळी मुलीने तिचे नाव 'धारा' ठेवले. ते आम्हीच सुचविले होते. कारण अमरकोशात अश्वाच्या पाच गतींस धारा म्हटले आहे: धौरितक, वल्गित, प्लुत, रेचित आणि आस्कंदित.

मुलीच्या मनात ड्रेसाज होते. घोड्याने स्वाराच्या सूक्ष्म सूचनेबरोबर तालात, सैल अंगाने व सरळ चालावे, आणि शेवटी शरीराचा भार मागील पायांवर घेऊन अंग आवरावे, अशी ही विद्या आहे. ग्रीक झेनोफनाने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात या विषयावर ग्रंथ लिहिला. आपल्याकडे शालिहोत्राचे नाव अश्वशास्त्राशी जोडलेले आहे. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अनुष अगरवाला, हृदय छेडा, सुदीप्ती हजेला व दिव्यकृती सिंग यांनी याच विद्येत भारतास सांघिक सुवर्णपदक मिळवून दिले. अश्वारोहणातील सुवर्ण एक्केचाळीस वर्षांनी आले होते.

दात घासले, जंताचे औषध दिले, नालबंदाने वाढलेले खूर कापले. दोन महिने नुसते हाती धरून चालविणे झाले. मग पशुवैद्यांनी मागील उजवा पाय मिनिटभर दुमडून धरला व सोडताच घोडीस दुडक्या चालीने पळविले. ती स्पष्ट लंगडली. वरातीत डांबरी रस्त्यावर ढोलाच्या तालाने मागच्या पायांवर नाचविल्याने, पशुवैद्यांच्या मते, तो सांधा झिजला असावा. ड्रेसाजची उच्च अंगे नेमकी त्याच सांध्यावर भार घालतात. ती तिच्याकडून कधीही करवून घेऊ नयेत, असा निर्णय झाला. मऊ जमिनीवर सावकाश चाल व मोठी वर्तुळे तिला हितकर आहेत, एवढे मात्र ते म्हणाले. मुलगी त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती घोडीस घेऊन नेहमीप्रमाणे बांधावर गेली.

घोडी सोडणाऱ्यास दोष देणे सोपे आहे. परंतु मुहूर्त संपल्यावर काही महिने त्या जनावरास बसून खाऊ घालणे ही हातावर पोट असलेल्या माणसास जड गोष्ट आहे. आणि आम्ही तरी काय केले? आमच्या चिरंजीवांच्या लग्नात पांढरी घोडी होती. तिच्या झुलीचा रंग आम्हांस आठवतो, भाड्याची घासाघीस आठवते. तिच्या फासळ्या दिसत होत्या की नव्हत्या, हे आठवत नाही. झूल वर करून आम्ही पाहिलेच नव्हते. वाचकांच्या घरी कार्य निघाल्यास त्यांनी एवढे तरी पाहावे. पाठीवर जखम असेल वा चालताना पाय आखडत असेल, तर वराने पायी किंवा मोटारीतून जावे. घोडी आणलीच, तर तिला नाचवू नये.

माघातील गणेशजयंतीस आम्ही पुन्हा केळझरास निघालो व वाटेत उतरलो. घेर 160 झाला होता. गणिताने वजन सुमारे 323 किलो. नांगरून भुसभुशीत केलेल्या तुकड्यात मुलगी प्रथमच घोडीवर बसली. चाल साधी, सावकाश. चौथ्या फेरीस घोडीने मान खाली लांबविली व नाकातून दीर्घ फुरफुर केली. याचा अर्थ तिचे अंग सैल झाले, असे मुलीने सांगितले. फेऱ्या संपल्यावर ती खाली उतरली आणि सौभाग्यवतींस म्हणाली, "आजी, आता थोडे हरभरे चालतील."

सौभाग्यवतींनी पिशवी उघडली. आम्ही मात्र आधी मूठ मुलीस दाखविली, आणि मगच पुढे केली.