गाठ दिसते, तर काढत का नाहीत?

अण्णांचे डोळे पिवळे झाले तेव्हा नांदेडच्या आमच्या गल्लीत ज्याच्या त्याच्याकडे काविळीचं औषध होतं. पोट दुखत नव्हतं, पण अंगाला खाज अशी, की अण्णा रात्र बसून काढायचे. सीटी स्कॅनमध्ये कळलं: स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ, तिनं पित्तनलिका दाबलेली. स्वादुपिंडाच्या याच कर्करोगानं मनोहर पर्रीकर २०१९ मध्ये गेले, एवढंच आम्हाला ठाऊक.

गाठ दिसते, तर काढत का नाहीत? मी हेच विचारत राहिले. आत्या उलट म्हणायच्या, "सुरी लागली की पसरतंय गं माय." डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. "सुरीनं पसरत नाही, ताई. पण आतड्याच्या मोठ्या रक्तवाहिन्या इथंच चिकटून असतात. गाठ त्यांना नुसती टेकलीय की वेढा घालून बसलीय, त्यावर सगळं." निदान होतं तेव्हा शंभरातल्या पंधरा-वीस जणांचंच ऑपरेशन शक्य असतं. त्याला व्हिपल म्हणतात: स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय काढून उरलेलं पुन्हा जोडायचं. अशी ऑपरेशनं जिथं नेहमी होतात तिथंच ते करावं, म्हणून मुंबईच्या टाटा रुग्णालयाचं मत घेतलं.

गाठ शिरेला टेकलेली निघाली. म्हणजे आधी किमो, मग पुन्हा स्कॅन. पण कावीळ असताना किमो झेपत नाही. म्हणून तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेत स्टेंट बसवला. खाज गेली आणि अण्णा झोपू लागले. नुसती नळी बसवणं हासुद्धा केवढा मोठा उपचार आहे!

किमोचे मुख्य पर्याय दोन. फॉलफिरिनॉक्स, चार औषधांचं, कणखर शरीरासाठी. नाहीतर जेमसिटाबिन, एकटं किंवा नॅब-पॅक्लिटॅक्सेलबरोबर. अण्णांचं वय आणि साखर पाहून दुसरा पर्याय ठरला. तो लोहा-अहमदपूरच्या रस्त्यानं लातूरला जाऊन घ्यायचा. दर खेपेला मुंबई गाठणं या शरीराला जमलंच नसतं.

खाल्लेलं अंगी लागत नव्हतं, कारण तूप-तेल पचवणारा रसच आतड्यात पोचत नव्हता. त्यासाठी एन्झाइमच्या कॅप्सूल असतात. भाकरीच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या. हे मला पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगायला हवं होतं.

आता स्कॅन होईल. शीर मोकळी दिसली तर मुंबई. नाही दिसली तर लातूरची किमो पुढे चालेल. दुखणं वाढलं तर मॉर्फिनच्या गोळ्या आहेत, पोटामागच्या मज्जातंतूंच्या जाळ्यात इंजेक्शन देऊन ते बधिरही करता येतं. हे मी आत्ताच विचारून ठेवलंय.