उशाशी पिस्तूल
हिंगोली ही जुनी पलटणींची छावणी. १९४८ साली, रझाकारांच्या धामधुमीत, आजोबा उशाशी परवान्याचे पिस्तूल ठेवीत. आजीला तर सारी छावणीच घरात असल्याचा धीर! सप्टेंबरात पोलिस ॲक्शन झाली, निजामी सरली. मग एकदा आजोबांनी ते सहज मळ्यात झाडून पाहिले. नुसता ‘खट्’ आवाज! काडतूस सादळलेले. रिव्हॉल्व्हर असते, तर पुन्हा चाप ओढताच पुढचे काडतूस समोर आले असते. पिस्तुलाचे तसे नाही. दुसऱ्या हाताने वरची स्लाइड मागे खेचावी, फुसके काडतूस बाहेर टाकावे, तेव्हा कुठे नवे चढते. अंधारात, हात थरथरत असताना? मला त्यांनी हे फार उशिरा सांगितले. आजीला मात्र कधीच नाही.